डाग आणि दाखला

खानदेशातील घरांतून ‘डाग’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. कुळाला लागतो तोही डाग, आणि क्ष-किरणांच्या काळ्या फिल्मवर फुफ्फुसाच्या जागी डॉक्टरांना दिसतो तोही डाग. हे दोन अर्थ वेगळे राखण्याची सवय आपल्या समाजाला अद्याप लागलेली नाही. आणि म्हणूनच ज्या मुलाला परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले आहे, ज्याच्या शिक्षणासाठी बँकेकडे घर तारण ठेवण्याचे दस्तऐवज तयार झाले आहेत, आणि ज्याच्या निरोपाची तयारी आईने मनातल्या मनात सुरू केली आहे, त्याच्या व्हिशाच्या अर्जातील आरोग्यतपासणीचा कागद हा सर्व कागदांत साधा असूनही घरच्यांना सर्वांत भयप्रद वाटतो.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत परदेशी शिक्षणाची चौकशी करणारी कुटुंबे आता पुष्कळ भेटतात. त्यांच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: फी किती, कर्ज कोठून मिळेल, इंग्रजीच्या परीक्षेत गुण किती लागतात, मुलाखतीत काय विचारतात. प्रकृतीचा प्रश्न सर्वांत शेवटी, विमानाचे तिकीट काढण्याच्या सुमारास, जाता जाता विचारला जातो. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे. फी, कर्ज आणि गुण यांची तजवीज माणसाच्या धावपळीने होऊ शकते. क्षयाच्या जंतूची वाढ मात्र कोणाच्याही धावपळीने वेग घेत नाही, आणि या तपासणीचा सारा हिशेब अखेर त्या जंतूच्या संथ गतीवर येऊन ठेपतो.

१८८३ सालच्या एप्रिलच्या ७ तारखेस अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याच्या बंदरातून वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ पारपत्र नव्हते, कारण हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा १९२० साली झाला. आणि त्यांच्या छातीचे चित्र कोणी काढले नाही, कारण राँटगेनला क्ष-किरण गवसले ते १८९५ साली. क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केले त्या गोष्टीला त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाईंना पदवी मिळाली, परंतु परदेशीच ढासळलेली त्यांची प्रकृती पुन्हा सावरली नाही, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभराचा अवकाश असताना, क्षयाने त्यांचा पुण्यात अंत झाला. क्षयावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. परदेशी शिक्षण आणि छातीचा रोग यांची गाठ महाराष्ट्राच्या स्मरणात अशी फार जुनी आणि फार दुःखाची आहे.

आनंदीबाई गेल्या त्या दाराला पुढे आठच वर्षांत पहारा बसला. १८९१ साली अमेरिकेने सांसर्गिक रोग असलेल्या आगंतुकांना मज्जाव करणारा कायदा केला, आणि १८९२ पासून न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्या माणसांची रांग डॉक्टरांपुढून सरकू लागली. ज्याच्याविषयी संशय येई त्याच्या कोटावर डॉक्टर खडूने एक अक्षर काढीत: हृदयासाठी एक, डोळ्यांसाठी एक, लंगडेपणासाठी आणखी एक. आपल्याकडेही १८९६ च्या प्लेगानंतर, साथरोगांचा १८९७ चा कायदा हाती घेऊन, रेल्वेच्या उतारूंना फलाटावर उभे करून त्यांच्या अंगावर गाठी शोधण्यात आल्या. परक्या माणसाने चारचौघांत अंगाला हात लावून केलेल्या त्या शोधामुळे ‘तपासणी’ या शब्दाला अपमानाची जी कडवट चव लागली ती इतक्या वर्षांनीही पुरती गेलेली नाही, असे मला वाटते. पुढच्या काळातील रीत पुष्कळच सौम्य होती. १९५० आणि १९६० च्या दशकांत बॅलार्ड पिअरवरून बोटीने निघणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशात पारपत्राबरोबर देवीच्या लसीचे पिवळे पुस्तक असे, आणि त्यातील शिक्का तीन वर्षे चाले. १९७५ साली देवीचा शेवटचा रुग्ण भारतात आढळला, ८ मे १९८० रोजी जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, आणि तो शिक्का मागणारा कोणी उरला नाही. जो दाखला रोगापायी मागितला जातो तो रोगाबरोबरच नाहीसा होतो, हे त्या पिवळ्या पुस्तकाने दाखवून दिले. क्षयाच्या बाबतीत तो दिवस अद्याप यायचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली भारतात दर लाख लोकांमागे १९५ जणांना नव्याने क्षय झाला. २०१५ साली हाच आकडा २३७ होता, म्हणजे उतार आहे. तरीही जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक आपल्या देशात आहे. ब्रिटनने आपली मर्यादा लाखामागे ४० अशी आखली आहे आणि त्याहून अधिक प्रमाण असलेल्या देशांतून सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीसाठी येणाऱ्या प्रत्येकाकडून ते क्षय नसल्याचा दाखला मागते. पूर्वी त्यासाठी छातीचे चित्र हीथ्रोच्या विमानतळावर उतरल्यानंतर काढीत. २०१२ नंतर ती तपासणी निघण्यापूर्वी मायदेशीच करण्याचे ठरले. अशा रीतीने जे ओझे विमानतळावरील डॉक्टरांचे होते ते विद्यार्थ्याच्या वेळापत्रकावर आले.

हा दाखला घरच्या डॉक्टरांचा चालत नाही, मग ते जिल्हा शल्यचिकित्सक का असेनात. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही आहे, तेथील क्ष-किरण विभाग उत्तम काम करतो; पण प्रत्येक देशाची मान्यताप्राप्त डॉक्टरांची स्वतःची यादी असते, आणि त्या यादीतील डॉक्टर गाठण्यासाठी आपल्याकडील विद्यार्थ्याला मुंबईचा किंवा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. रात्रीची गाडी, पहाटे दादर, आणि सकाळी दवाखान्याच्या दारात तारवटलेल्या डोळ्यांनी, घामेजल्या हातात पारपत्राचे पाकीट धरून उभा असलेला तो मुलगा, हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला ही तपासणी क्षुल्लक वाटणार नाही.

कॅनडाची आणि ऑस्ट्रेलियाची तपासणी ब्रिटनपेक्षा विस्तृत असते. उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी, लघवी, छातीचे चित्र, आणि कॅनडाच्या बाबतीत पंधरा वर्षांवरील अर्जदाराच्या रक्ताची एचआयव्ही व उपदंश यांसाठी चाचणी. ही कागदपत्रे अर्जदाराच्या हाती पडत नाहीत. डॉक्टरांच्या संगणकावरून ती थेट त्या देशाच्या दफ्तरी दाखल होतात, आणि विद्यार्थ्याजवळ उरतो तो केवळ एक क्रमांक. हा निकाल साधारणतः बारा महिने धरला जातो. ब्रिटनचा दाखला सहा महिने चालतो. न्यूझीलंडला अर्जाच्या वेळी तीन महिन्यांपेक्षा जुना दाखला चालत नाही. मुलींसाठी एक लहान पण उपयुक्त सूचना येथेच नोंदवतो: मासिक पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी ठेवू नये, कारण रक्ताचा अंश आढळला की फेरतपासणी निघते आणि मुंबईची दुसरी खेप पदरी पडते. जर्मनी छातीचे चित्र मागत नाही, आरोग्यविम्याचा आग्रह मात्र धरते. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला जाणाऱ्यांना एचआयव्ही नसल्याचा दाखला द्यावा लागतो.

अमेरिकेची तऱ्हा निराळी आहे. अमेरिकन वकिलातीतील मुलाखतीत विद्यार्थ्याच्या प्रकृतीविषयी सहसा काही विचारीत नाहीत, त्यामुळे व्हिसा मिळाला की घरचे निश्चिंत होतात. आणि मग विद्यापीठाच्या दवाखान्याकडून लसींचा तक्ता येतो, ज्यात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या दोन मात्रांची तारीखवार नोंद मागितलेली असते. येथे आपल्या मुलांची पंचाईत होते ती अशी. सरकारी लसीकरणात गोवराची लस १९८५ पासून आहे, रुबेलाची जोड महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या मोहिमेने मिळाली, पण गालगुंडाची लस त्या कार्यक्रमात नाही. म्हणून ज्याच्या आईबापांनी खाजगी दवाखान्यात ती टोचून घेतली नसेल त्याच्या तक्त्यात तो रकाना कोराच राहतो. दुसरी अडचण नावाची. बीसीजीची लस जन्मतःच देतात, बारसे नंतर होते. त्यामुळे कार्डावर मुलाच्या नावाच्या जागी आईचे नाव आणि त्यापुढे ‘चे बाळ’ एवढेच लिहिलेले असते. वीस-बावीस वर्षांपूर्वी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेने निळ्या शाईत लिहिलेले, घडीवर विरलेले, हळदीचे बोट लागलेले ते कार्ड पुढे करून, हे बाळ म्हणजे मीच, हे परक्या कारकुनाला पटवून देणे अवघड जाते. त्यावर उपाय साधा आहे: रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करून घ्यावी, किंवा दोन्ही मात्रा नव्याने घ्याव्यात. मात्र दोन मात्रांमध्ये किमान अठ्ठावीस दिवसांचे अंतर लागते, आणि ते अठ्ठावीस दिवस हाती असले पाहिजेत.

बीसीजीविषयी आणखी एक गोष्ट. आपल्या बहुतेक मुलांच्या डाव्या दंडावर तिचा वण असतो. ज्या विद्यापीठांत क्षयासाठी त्वचेची चाचणी करतात तेथे त्या लसीमुळे निरोगी मुलाच्या हातावरही गाठ उठू शकते आणि उगाच घबराट होते. अशा वेळी ‘इग्रा’ नावाची रक्ताची चाचणी मागावी, कारण बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती चाचणी होकारार्थी आली तरी तिचा अर्थ एवढाच, की जंतू कधी काळी शरीरात शिरला, आणि बहुतेक वेळा शरीराने त्याला दाबून ठेवलेले असते. जंतू निद्रिस्त असणे निराळे आणि रोग होणे निराळे; या निद्रिस्त अवस्थेतील माणसापासून दुसऱ्या कोणालाही काडीचा धोका नसतो.

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. क्ष-किरणांच्या अंधाऱ्या खोलीत अर्जदाराला थंड पाटीला छाती टेकून, हनुवटी उंचावून, दोन्ही खांदे पुढे वळवून उभे करतात, म्हणजे खांद्याची हाडे फुफ्फुसांवरून बाजूला सरतात. गळ्यातील साखळी, ताईत, बटणे, सारे काढलेले असते. तंत्रज्ञ म्हणतो, श्वास घ्या, रोखा, यंत्राचा आवाज होतो, सोडा. एवढ्यातच सर्व संपते, आणि या एवढ्यातच चूक होऊ शकते. एकदा एका मुलीबरोबर अशा खोलीबाहेर मी बसलो होतो. तिला दुसऱ्यांदा आत बोलावले तेव्हा तिच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी, म्हणजे क्षय जेथे घर करतो नेमक्या त्याच जागी, एक लांबट छाया उमटली होती. ती तिच्या वेणीची होती. खोबरेल तेल लावून घट्ट घातलेली जाड वेणी खांद्यावरून पुढे आली होती आणि किरणांनी तिचेही चित्र घेतले होते. केस डोक्यावर बांधून दुसरे चित्र काढले, ते स्वच्छ आले. पहिल्या चित्रात डाग दिसला म्हणून खोलीबाहेरच ऊर बडवून घेऊ नये, आणि मुलींनी त्या दिवशी केस उंच बांधून जावे, या दोन्ही गोष्टी मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

छाया वेणीची नसेल तर पुढची पायरी येते. बेडका तपासावा लागतो, आणि तो एकदा देऊन भागत नाही. लागोपाठ तीन दिवस, सकाळी, दवाखान्यातील माणसासमोर नमुना द्यावा लागतो, म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या नातलगाकडे तीन-चार दिवसांचा मुक्काम आलाच. सूक्ष्मदर्शकाखालील निकाल लवकर लागतो. पण त्यावर भागत नाही. नमुन्यातून जंतू वाढवून पाहावा लागतो, आणि येथेच तो संथपणा आड येतो ज्याचा उल्लेख मी आरंभी केला. आतड्यातील सामान्य जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणून नमुन्यात जंतू नाही असे खात्रीने सांगण्यासाठी प्रयोगशाळेला सहा ते आठ आठवडे वाट पाहावी लागते. कोणत्याही वशिल्याने, कोणत्याही जादा पैशाने ही मुदत आखडत नाही. सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचे असतील आणि चित्र जुलैअखेर काढले असेल, तर डाग दिसलेल्या मुलाचे ते सत्र गेलेच म्हणून समजावे; तेच चित्र एप्रिल-मेमध्ये, खानदेशच्या उन्हाळ्यात परीक्षा संपताच काढले असेल, तर सारे निभावून जाते. त्याही आधी गावातल्याच दवाखान्यात एक चित्र काढून पाहिले तर उत्तम. त्या चित्राला वकिलातीत किंमत नाही, पण पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यावरून कळते.

क्षय खरोखरच आढळला तर? औषधे सहा महिने, सरकारी कार्यक्रमातून मोफत. त्यानंतर पुन्हा तपासणी, आणि ती निर्दोष निघाली की व्हिशाचे दार पूर्ववत उघडे. मद्रासच्या क्षय संशोधन केंद्राने १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि १९५९ मध्ये दाखवून दिले की घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्याच्यामुळे अधिक बाधा होत नाही. साऱ्या जगाने क्षयाच्या उपचाराची रीत त्या भारतीय प्रयोगावरून बदलली. आपल्या गावांत मात्र बऱ्या झालेल्या माणसाचा पेला आजही वेगळा ठेवलेला मी पाहतो, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते.

असा पेला वेगळा होऊ नये म्हणून घरचे लोक झालेला क्षय लपवतात, आणि या लपवाछपवीचा सर्वांत कठोर दंड व्हिशाच्या अर्जात भरावा लागतो. बहुतेक अर्जांत एक प्रश्न असतो: आपणास पूर्वी कधी क्षय झाला होता काय? बरा झालेला क्षय हे नकाराचे कारण नाही. परंतु खोटे उत्तर हे कारण आहे: ब्रिटन फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकते, कॅनडा पाच वर्षे, ऑस्ट्रेलिया तीन वर्षे. आणि खोटे टिकत नाही, कारण भरून आलेल्या जखमेचा व्रण फुफ्फुसावर पुष्कळदा जन्मभर राहतो आणि अनुभवी डोळ्याला तो लगेच दिसतो.

धुळे तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाची हकीकत मला जवळून ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्याला क्षय झाला, सहा महिने गोळ्या घेऊन तो ठणठणीत बरा झाला, आणि थोरल्या बहिणीचे लग्न जमायचे होते म्हणून घरच्यांनी ही गोष्ट भावकीपासून लपवली. ब्रिटनच्या अर्जाची वेळ आली तेव्हा अर्ज भरून देणाऱ्या इसमाने सांगितले की ‘नाही’ लिहा, कोण विचारतो. वडिलांना झोप येईना. ते माझ्याकडे आले, आणि खरे तेच लिहावे असे ठरले. घरी परत जाऊन त्यांनी माळ्यावरची ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शेल्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली नऊ वर्षांपूर्वीची फिल्म आणि गोळ्यांच्या नोंदीचे कार्ड होते. दोन्ही घेऊन बापलेक मुंबईला गेले; फिल्म दुमडू नये म्हणून वडिलांनी ती रात्रभर गाडीत मांडीवर उभी धरली होती.

डॉक्टरांनी जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी उजेडावर लावले. व्रण त्याच जागी होता आणि वाढला नव्हता. नियमाप्रमाणे बेडक्याची तपासणी तरीही करावी लागली आणि आठ आठवडे थांबावे लागले. सप्टेंबरचे सत्र हुकले. विद्यापीठाला कळवताच प्रवेश जानेवारीवर ढकलून मिळाला. निकाल निर्दोष आल्याचा निरोप आला तेव्हा वडील दवाखान्याच्या पायऱ्यांवरून घरी फोन करीत होते. पलीकडून आई एकच विचारत होती, “मना पोऱ्याले काय व्हयनं?” ते म्हणाले, “काहीच नई. जुनी जखम शे, भरी गई.”

ती फिल्म पुन्हा ट्रंकेत गेली नाही. मुलगा ती बरोबर घेऊन गेला, कारण तेथील डॉक्टरांकडे नाव नोंदवताना तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.